सूर्योदय बघायला गडावर जाताय? बॅगेत एक कोरडा टीशर्ट टाकाच

पावसाळा संपला की ढग खाली दरीत आणि आपण वर, हे बघायला आम्ही मित्र पहाटे साताऱ्यातनं अजिंक्यताऱ्यावर नाहीतर जरंडेश्वरला जातो, पण दरवेळी एकच त्रास, चढताना घामानं भिजायचं आणि वर वारा लागला की सूर्य यायच्या आधीच दात वाजायला लागायचे.

आता असं करतो:

१. चढताना अंगात फक्त पातळ टीशर्ट, स्वेटर बॅगेतच. सुरुवातीला थंडी वाजते, दहा मिनिटांत जाते.
२. कोरडा टीशर्ट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून न्यायचा, नाहीतर दवानं बॅग ओली होते आणि तोही दमट होतो.
३. वर पोचल्या पोचल्या, फोटोबिटो नंतर, आधी ओला काढून कोरडा घालायचा आणि मगच स्वेटर, कानटोपी. ओल्यावरच स्वेटर चढवला तर काही उपयोग नाही, आतनं गारठा जात नाही.

डिसेंबरात सूर्य सातच्या आसपास येतो, पण खरे रंग त्याआधीच्या अर्ध्या तासात असतात, तेव्हा साडेसहाला वर पाहिजेच.

फक्त नीट उजाडेपर्यंत कड्याकडे जाऊ नका. ढग काठापर्यंत आलेले असले की जमीन कुठं संपते ते टॉर्चमध्येपण कळत नाही.