गल्लीत गाडी लावावी कशी आणि शेजाऱ्यांशी भांडावं किती

ठाण्यात नौपाड्यातली आमची बिल्डिंग तीन मजल्यांची. बांधली तेव्हा बारा बिऱ्हाडांत मिळून दोन स्कूटरी होत्या, त्यामुळे कंपाउंड सोडलं ते आंब्याला आणि पाण्याच्या टाकीला. आज सात गाड्या आहेत. आत मावतात तीन, त्यातली तिसरी टाकीला घासून. उरलेल्या चार गल्लीत, समोरच्या बिल्डिंगच्या चार गल्लीत, आणि राम मारुती रोडला खरेदीला आलेली मंडळी ‘दोनच मिनिटं हं’ म्हणून लावून जातात त्या वेगळ्या.

माझं तळमजल्यावर पोळीभाजी केंद्र आहे. पहाटे चारला कणीक भिजते, साडेसहाला डबे भरून माझी ईको वागळे इस्टेटकडे निघते. म्हणजे मला रात्री गाडी दाराशी लागते आणि पहाटे ती अडकलेली चालत नाही. अकरा वर्षांत या गल्लीत मी जवळजवळ सगळ्यांशी भांडले आहे, दोघांशी दोनदा. नव्याने गाडी घेणाऱ्याची पहिली दोन वर्षं तरी वाचावीत म्हणून हे लिहिते आहे.

पहिला कडू घोट आधीच घ्या. गल्ली महापालिकेची आहे. तुमच्या खिडकीखालचा तुकडा तुमचा नाही, सासऱ्यांची फियाट तिथे उभी राहायची तरीही नाही. सोसायटीने बाहेरच्या भिंतीवर ‘फक्त सभासदांसाठी’ असं लाल रंगात लिहिलं, तर ती फक्त रंगाची नासाडी. हक्क सांगता येतो तो एकच, की आमच्या गेटाच्या तोंडात गाडी लावून वाट अडवू नका. तो मात्र ठणकावून सांगा, कारण प्रवेशद्वार अडवणं, उभ्या गाडीच्या अंगाला दुसरी गाडी लावणं, बसथांब्याशी किंवा शाळा-इस्पितळाच्या दारात लावणं हे सगळं नियमातच मना आहे.

दुसरं म्हणजे कोपऱ्यावरची पाटी वाचा. आमच्याकडे सम-विषम आहे: विषम तारखेला एका बाजूला गाड्या, सम तारखेला दुसऱ्या. निम्मी भांडणं इथेच उगवतात, कारण तारीख रात्री बाराला बदलते आणि माणसं झोपलेली असतात. आमच्या गल्लीत उचलून नेणारी गाडी सकाळी दहाच्या पुढेच फिरकते, म्हणून सगळे आठ-नऊला बाजू बदलतात. तुमच्या गल्लीतला वेळ तुमचा तुम्ही आठवडाभर बघून घ्या. आणि लक्षात ठेवा, एकतीस दिवसांच्या महिन्यानंतर गोंधळ ठरलेला असतो. एकतीस विषम, एक तारीखही विषम. त्या दिवशी गाडी हलवायची नसते. दर वेळी कोणीतरी सवयीने हलवतो, त्याच्या मागून आणखी दोघं हलवतात, आणि साडेदहाला तिघंही पावती हातात घेऊन उभे. लीप वर्षात 29 फेब्रुवारी आणि 1 मार्चलाही हेच होतं.

आता शेजारी.

जागा अडवून ठेवायच्या तऱ्हा मी इतक्या पाहिल्यात की प्रदर्शन भरवता येईल. मोडकी खुर्ची आणि रंगाचा डबा या मामुली गोष्टी, त्या उचलून फुटपाथवर ठेवल्या की झालं. मोठ्या गाडीच्या जागेत मधोमध आडवी स्कूटर लावून मालक वर जेवायला जातो, ही पुढची पायरी. एक आजी मुलगा ऑफिसातून येईपर्यंत छत्री उघडून स्वतःच जागेत उभ्या राहायच्या. त्यांच्यापुढे मी कधीच जिंकले नाही आणि जिंकायचं मनातही आणलं नाही. डब्यातल्या दोन पोळ्या देऊन त्यांना आमच्या ओट्यावर बसवायचे, तेवढ्यात जागा जी कोणाला मिळेल त्याला.

पण सगळ्यांत भारी होती ती तुळस. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी पाच लिटरच्या बादलीत तळाला सिमेंट ओतून त्यात तुळस लावली आणि जावयाच्या गाडीच्या जागेवर ठेवली. जावई महिन्यातून दोनदा येणार, तुळस रोज. आता खुर्ची कोणीही सरकवेल, तुळशीला हात कोण लावणार? रात्री अकराला सगळे लांबूनच वळसा घालून जायचे. एकाने महापालिकेत तक्रार करायची भाषा काढली. करता आली असती, रस्त्यावर ठेवलेली वस्तू अडथळा म्हणून उचलायचा अधिकार महापालिकेला आहे, आणि त्यासाठी नौपाडा-कोपरी प्रभाग समितीच्या कार्यालयात अर्ज द्यायचा असतो. पण काकूंची तुळस ज्याने उचलवली त्याला गल्लीत पुढे कोणी हळदीकुंकवाला बोलावलं असतं का? मी फक्त एवढंच म्हटलं, ‘काकू, रात्री कुत्री फिरतात हो इथे. परवा तो काळा बादलीपाशीच पाय वर करून उभा होता. मला बाई बघवेना.’ दुसऱ्या दिवशी तुळस गॅलरीत. अशा ठिकाणी कायद्यापेक्षा सोवळं लवकर लागू पडतं.

चिठ्ठी हा दुसरा मोठा विषय. वायपरखाली चिठ्ठी ठेवायची तर त्यात तीनच गोष्टी लिहा: तुमची अडचण, तुम्हाला गाडी कधी काढायची आहे ती वेळ, आणि फोन. ‘सकाळी 6:30ला डब्यांची गाडी निघते, कृपया मागे दोन फूट सोडावेत, तळमजला, पोळीभाजी केंद्र.’ बस. ‘काही लोकांना अक्कल नसते’ हे वाक्य मनात ठेवावं. ज्याला अक्कल नाही त्याला ते कळत नाही आणि ज्याला आहे तो दुखावतो.

हे शहाणपण मला महागात पडलंय. समोर एक बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत. मोजमापाची भारी हौस. रात्री जेवण झालं की स्टीलची टेप घेऊन खाली यायचे, गाड्यांमधलं अंतर मोजायचे आणि रस्त्यावर खडूने रेघा मारायचे. एकदा माझ्या काचेवर त्यांची चिठ्ठी: ‘आपली गाडी खुणेच्या सात इंच पुढे आहे. कृपया अशी लाऊ नये.’ मी थकलेली, त्यात त्या दिवशी शंभर पोळ्या परत आलेल्या. मी लाल पेन घेतलं, ‘लाऊ’ खोडून वर ‘लावू’ लिहिलं आणि चिठ्ठी त्यांच्या गाडीला परत अडकवली. केवढं थोर वाटलं मला तेव्हा! काकांनी तीन आठवडे शनिवारचं डाळिंब्यांचं बिरडं नेलं नाही, आणि माझ्या मागच्या बंपरला त्यांचा बंपर इतका टेकलेला असायचा की मध्ये वर्तमानपत्र सरकलं नसतं. सकाळी सात इंच पुढे, सात इंच मागे असं अकरा वेळा करून मी गाडी काढायचे.

भांडण मिटलं ते माझ्या चुकीने. एका रात्री कणकेची पोती उतरवायला मी ईको त्यांच्या गाडीच्या अंगाला लावली आणि आत गेले. मिक्सर चालू, फोन माळ्याखाली चार्जिंगला. त्यांच्या घरच्या काकूंना दम लागला होता, इस्पितळात न्यायचं होतं, आणि काकांची गाडी माझ्यामुळे कोंडलेली. ते दहा मिनिटं हॉर्न वाजवत होते. मला वाटलं नेहमीचाच त्रागा. शेवटी वरच्या मजल्यावरचा मुलगा दार बडवायला आला. काकू तीन दिवसांत घरी आल्या, पण ती दहा मिनिटं अजून माझ्या कानात वाजतात. ‘दोनच मिनिटं’वाल्यांना मी त्यानंतर शिव्या देत नाही, फोन नंबर मागते.

तर काचेमागे नंबर ठेवा. बायकांनी स्वतःचा ठेवू नये, नको ते फोन येतात. मी केंद्राचा ठेवलाय. आणि नंबर ठेवून फोन सायलेंटवर टाकणं म्हणजे तो न ठेवण्यासारखंच.

काकूंना भेटायला डबा घेऊन गेले तेव्हा काकांनी वही काढली. त्यात आमच्या गल्लीचं सगळं माप. गेटापासून विजेच्या डीपीपर्यंत आमच्या बाजूला 98 फूट. आमची गाडी साधारण साडेबारा फूट धरा. आम्ही सहा गाड्या लावायचो, मध्ये चार-साडेचार फुटांच्या फटी सोडून. त्या फटींत कोणी शिरू शकत नाही आणि त्या कोणाच्या कामाच्याही नाहीत. सात गाड्या लावल्या तर 87.5 फूट, मध्ये सहा फटी दीड-दीड फुटाच्या, झाले साडेशहाण्णव. मावतात! पण दीड फुटात मधल्याला गाडी काढता येत नाही, पुढचा किंवा मागचा आधी गेलेला लागतो. काका म्हणाले, ‘म्हणून जागा वाटू नका, वेळ वाटा.’ माणूस चिठ्ठीत चुकतो, हिशेबात नाही.

आम्ही आठ जणांच्या निघायच्या वेळा एका कागदावर लिहिल्या. मी 6:30, तिसऱ्या मजल्यावरची नर्स 6:45, शाळेचे दोघं पावणेसात ते सात, ऑफिसवाले नऊच्या आसपास, काका बहुतेक निघतच नाहीत. मग ठरलं की सर्वांत आधी निघणाऱ्या गाड्या दोन टोकांना. टोकाची गाडी निघाली की तिच्या शेजारची सुटते, अशी दोन्ही बाजूंनी रांग सुटत येते. काका मधोमध. रात्री उशिरा येणाऱ्याला जागा निवडता येत नाही हे खरं, तेव्हा त्याने किल्ली वॉचमनकडे ठेवायची किंवा सकाळी हाक मारली तर बनियनवर खाली यायचं. समोरच्या बाजूला नारळ आहे, तिथे सहाच मावतात. उरलेल्या एक-दोन गाड्या मागच्या गल्लीत, पाळीने. सणासुदीला गोखले रोडची गर्दी इकडे वळते तेव्हा हे कोलमडतं, मग गावदेवी मैदानाखालच्या वाहनतळात पैसे भरून ठेवायची. दिवाळीत चार दिवस तेवढे पैसे जातात. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेला तर गाडी आदल्या रात्रीच लांब ठेवावी, सकाळी ढोल-ताशातून हॉर्न वाजवत बाहेर पडणारा माणूस कोणालाच आवडत नाही.

तुम्हाला हे करायचं असेल तर कागद घेऊन सगळ्यांकडे एकदम जाऊ नका, मीटिंग होईल आणि मीटिंगमध्ये 1998 साली कोणी कोणाच्या सायकलीची हवा काढली ते निघेल. एकेकाकडे जा, संध्याकाळी, चहाच्या वेळेला. ‘तुमची गाडी हलवा’ म्हणू नका, ‘सकाळी किती वाजता निघता?’ एवढंच विचारा.

कायदा कधी? तीन वेळा. परकी गाडी गेट अडवून उभी असेल आणि फोन नंबर नसेल तर नंबरप्लेट दिसेल असा फोटो काढा आणि वाहतूक पोलिसांना कळवा. 112 हा नंबर चालतोच. रुग्ण असेल तर आधी 108, गाडीचा निकाल मागाहून. दुसरी वेळ बेवारस गाडीची. आमच्याकडे एक मारुती आठशे दीड वर्ष कव्हर घालून होती, चारी टायर बसलेले, खाली मांजरीची दोन बाळंतपणं झाली. मोटार वाहन कायद्याच्या कलम 127 प्रमाणे सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त बेवारस सोडलेली गाडी हलवायचा अधिकार गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याला आहे. दहा तासांवर भांडू नका, दीड वर्षावर अर्ज करा. अर्जात गाडीचा नंबर, रंग, किती दिवस आणि दोन तारखांचे फोटो. पिल्लांचं आधी बघा, आम्ही बघितलं.

तिसरी वेळ, कोणी मुद्दाम ओरखडा काढला किंवा हवा सोडली तर. भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 मध्ये याला ‘आगळीक’ म्हणतात. छोट्या नुकसानीला पोलीस बहुधा एनसी नोंदवतात, म्हणजे अदखलपात्र, लगेच तपास होत नाही. तरी नोंद करून ठेवावी, पुन्हा झालं तर कागद हाताशी असतो. आधी कोपऱ्यावरच्या दुकानाचा कॅमेरा बघा. आमच्या एका ‘ओरखड्या’चा आरोपी कॅमेऱ्यात सापडला तो दुधाच्या क्रेटची ढकलगाडी निघाला, आणि तोवर दोन घरांत बोलणं बंद होतं.

बदला म्हणून आपण हवा काढू नये, हे सांगायला लागू नये पण सांगते. मी एकदा गुडघ्यावर बसले होते, व्हॉल्व्हचं टोपण हातात होतं. वरून काकांचा आवाज आला, ‘अगं, ती माझी नाही, माझी तिच्या पुढची.’

असो. आज तीस तारीख. उद्या एकतीस, सकाळी आठ-नऊला सगळे गाड्या पलीकडून आपल्या बाजूला आणतील. परवा एक, तेव्हा कोणी हलवायची नाही. काकांनी तशी चिठ्ठी जिन्यात लावली आहे, ‘गाड्या तिथेच लावू’ असं लिहून, आणि ‘वू’खाली दोनदा रेघ मारली आहे.