गच्चीवर ग्रिल करायचंय? आधी जाळ विझू द्या

एप्रिल-मे मधे नाशिकला दुपारी पारा ४० च्या आसपास गेला की किचनमधे उभं राहायची कोणाचीच इच्छा नसते, पण सात वाजता ऊन उतरलं की वारं सुटतं आणि गच्चीवर बरं वाटतं, मग शेगडीच वर न्यायची. सामान फार लागत नाही, लोखंडी शेगडी, वर बसेल अशी जाळी, लांब चिमटा, बास. ते हजारोंचे बार्बेक्यू सेट बहुतेक घरात दोनदा वापरून माळ्यावर जातात.

ग्रिल केलेलं हेल्दी कारण तेल कमी, असं सगळे म्हणतात, ते खरंय पण अर्धंच. चिकनची चरबी जाळावर टपकते, भडका उडतो, धूर परत त्याच चिकनला चिकटतो आणि कडा काळ्या कोळसा होतात. त्या धुरात आणि करपलेल्या मांसात पीएएच आणि एचसीए नावाची जी रसायनं तयार होतात त्यांचा प्राण्यांवरच्या प्रयोगांत कॅन्सरशी संबंध दिसलाय, त्यामुळे "थोडं जळकं छान लागतं" वाल्यांचं फार ऐकू नका. सगळी गंमत विस्तवात आहे. जाळावर नाही, निखाऱ्यावर भाजायचं.

कोळसा लाकडाचा घ्या, लोणारी म्हणतात तो, दगडी कोळसा अजिबात नको. पेटवायला रॉकेल-पेट्रोल काही नको, वास उतरतो आणि धोकाही आहे, नारळाच्या शेंड्या आणि कागद पुरतात. मग पुठ्ठ्याने वारा घालत बसायचं, साधारण २०-३० मिनिटं लागतात, कोळशांवर पांढरट राख धरली आणि ज्वाळा बसल्या की तयार. इथेच सगळ्यांचा धीर सुटतो, पोरं भूक भूक करतात आणि जाळ असतानाच पनीर वर जातं. त्यांना तोवर काकडी द्या. निखारे सगळीकडे सारखे पसरू नका, एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ नाहीच असे ठेवा, म्हणजे भडका उडाला की पीस उचलून थंड बाजूला सरकवता येतो. आच बघायला तळहात जाळीच्या चार-पाच इंच वर धरा, दोनच सेकंदात काढावा लागला तर फार कडक, चार-पाच सेकंद सहन झाला तर भाज्या आणि चिकनला बरोबर.

शेगडी डायरेक्ट गच्चीच्या फरशीवर किंवा वॉटरप्रूफिंगवर ठेवू नका, खाली विटा घाला, कठड्याच्या आडोशाला पण कपड्यांच्या दोरीपासून लांब. आणि हा सीझन वाळवणाचा आहे, शेजारच्या काकूंच्या कुरडया अजून वरच असतील तर आधी त्या आत गेल्यात का बघा, नाहीतर राख उडाली की वर्षभर ऐकावं लागेल. बंद गॅलरीत किंवा खोलीत कोळसा पेटवायचा नाही म्हणजे नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही. गच्ची नसेल तर गॅसवर बिडाचा तवा कडक तापवून करा, धुराचा वास येणार नाही पण बाकी मस्त होतं.

मॅरिनेशनला दही फडक्यात टांगून चक्का करून घ्या, पातळ दही निखाऱ्यावर टपकत राहतं. अर्धा किलो बोनलेस चिकनला चार-पाच चमचे चक्का, आलं-लसूण, हळद, तिखट, लिंबू, चमचाभर तेल आणि एक चमचा भाजलेलं बेसन, त्याने मसाला धरून राहतो. आपला काळा मसाला यात घालायचा मोह होतो पण तो आधीच भाजलेला असतो, परत आचेवर गेला की कडू होतो, म्हणून उतरवल्यावर वरून भुरभुरा. चिकन चार-पाच तास फ्रीजमधेच मुरवा, या उन्हात बाहेर तासभरसुद्धा ठेवायचं नाही. पनीरला अर्धा तास पुष्कळ. बांबूच्या काड्या वापरणार असाल तर त्याही अर्धा तास पाण्यात.

भाज्यांमधे कांद्याला तोड नाही, आणि लासलगावच्या इतक्या जवळ राहून कांदा नीट भाजता येऊ नये म्हणजे काय. आत्ता बाजारात उन्हाळ कांदा आहे, घट्ट असतो, भाजायला एकदम बेस्ट. मुळाकडचा भाग न कापता चार फोडी करा म्हणजे पाकळ्या सुटून निखाऱ्यात पडत नाहीत. अर्धा कांदा चिमट्यात धरून थेंबभर तेल लावून तापलेल्या जाळीवर घासला की जाळी साफ पण होते आणि पदार्थ चिकटत पण नाहीत. ढोबळी मिरची, मश्रूम, टोमॅटो काय हवं ते लावा, फक्त मीठ भाजायच्या अगदी आधी, नाहीतर पाणी सुटतं आणि भाजी भाजण्याऐवजी शिजते. मक्याचं कणीस मधल्या आचेवर फिरवत १०-१२ मिनिटं.

पनीरला एका बाजूला दोन-तीन मिनिटं, जास्त ठेवलं की रबर. चिकनचे पीस चार-पाच मिनिटांनी उलटत राहा, थर्मामीटर असेल तर आत ७४ अंश यायला हवं, नसेल तर सगळ्यात जाड पीस कापून बघा, आत गुलाबी दिसलं तर परत जाळीवर. कच्च्या चिकनची ताट-चिमटे वेगळे, मुरवलेला उरलेला मसाला भाजलेल्यावर लावायचा नाही. माशात बांगडा सोपा पडतो, लिंबू लावून वीस मिनिटांच्या वर ठेवू नका, मऊ पडतो.

सोबत जड काही नको, काकडीची कोशिंबीर, ज्वारीची भाकरी आणि ताक. जेवणं होईपर्यंत निखारे मंद झालेले असतात तेव्हा दोन-तीन कैऱ्या तिथेच टाकून द्या, साल काळी पडून आत मऊ झाल्या की दुसऱ्या दिवशीच्या पन्ह्याची सोय झाली. राख मात्र लगेच भरू नका, वरून विझलेली दिसली तरी आत रात्रभर धग असते, पाणी शिंपडून सकाळपर्यंत पत्र्याच्या डब्यात राहू द्या आणि हात लावून गार असेल तरच घंटागाडीत टाका.