कोरल मलूल झालंय? आधी या चुका टाळा

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधलं हॅमर कोरल (हातोड्यासारख्या टोकांच्या स्पर्शिकांचं प्रवाळ) दोन दिवस मिटून बसलं की आपला हात लगेच टँकमध्ये जातो. उचल, वर ठेव, प्रवाहात सरकव, पुन्हा खाली आण. मीही एका आठवड्यात माझं हॅमर चार वेळा हलवलं आणि ते आणखीच आक्रसलं. जागा बदलली की प्रकाश आणि प्रवाह दोन्ही बदलतात, आणि आधीच थकलेल्या कोरलला दोन्हींशी नव्याने जुळवून घ्यावं लागतं. म्हणून काही हलवायच्या आधी बघा, आणि नीट बघा.

पांढरं दिसतंय म्हणजे नेमकं काय? भिंगातून पाहा. पारदर्शक कातडी सांगाड्यावर अजून असेल आणि पॉलिप (कोरलचे छोटे जीव) उघडत असतील, तर आतली सहजीवी शैवालं निघून गेली आहेत, कोरल मात्र जिवंत आहे. ते वाचू शकतं. प्रकाश कमी करा, तापमान २५ अंशांच्या आसपास स्थिर ठेवा आणि रात्री स्पर्शिका बाहेर आल्यावर मायसिसचा (कोळंबीसारख्या छोट्या जीवाचा) अगदी बारीक तुकडा द्या. कातडीच सुटून कोरा सांगाडा दिसत असेल, तर मामला वेगळा. अक्रोपोरा या फांद्यांच्या कोरलमध्ये ही सोलवटणी काही तासांत सगळ्या फांदीवर पसरू शकते, तेव्हा वाट पाहू नका. शाबूत टोकं निरोगी भागातून कापून वेगळी लावा. रंग तपकिरी होत गेला असेल तर घाबरू नका. बहुतेक वेळा प्रकाश कमी पडतोय किंवा पाण्यातली पोषकद्रव्यं, म्हणजे नायट्रेट-फॉस्फेट, वाढलीत, एवढंच.

लेदर हे मऊ, चामड्यासारखं कोरल आठवडाभर मिटून त्यावर मेणासारखा पापुद्रा आला, म्हणून ते फेकून देणारे मी पाहिलेत. फार वाईट वाटतं. ते फक्त कात टाकत असतं. प्रवाह थोडा वाढवा.

सर्वांत महागात पडणारी चूक मापनातली. माझ्या हॅमरचं खरं दुखणं तिथेच होतं. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारटपणा मोजायचं यंत्र, आरओच्या शुद्ध पाण्यावर शून्याला लावलेला होता, क्षारता ३५ (दर हजार भागांत मिठाचे ३५ भाग) दाखवायचा. ३५ च्या प्रमाणित द्रावणाने तपासला तेव्हा कळलं, पाणी ३९ चं होतं. मी औषधांचा विचार करत बसलो होतो आणि कोरल खारट पाण्यात गुदमरत होतं. क्षारता एकदम खाली आणली नाही, काही दिवसांत थोडी थोडी उतरवली.

अल्कलिनिटीचंही (पाण्याची आम्ल शोषण्याची क्षमता, डीकेएच या एककात मोजतात) तसंच. ६ आढळली म्हणून एका दिवसात ९ वर नेऊ नका. दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त वाढ नको. ७ की ९ हा वाद दुय्यम, आकडा डोलत राहणं जास्त घातक. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर नेण्याचा हट्टही सोडा. उपाशी पाण्यात कोरल फिकट पडतं आणि डायनोफ्लॅजेलेट्स या त्रासदायक सूक्ष्म जीवांना रान मोकळं मिळतं. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणारच नाही.

हॅमर किंवा टॉर्च कोरलवर तपकिरी, चिकट जेलीसारखा थर दिसला तर आधी पंप बंद करा, नाहीतर ती घाण शेजाऱ्यांवर उडेल. नळीने थर ओढून बाहेर काढा, कोरल वेगळ्या भांड्यात ठेवा, आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि सडलेलं डोकं कापून टाका. झूअँथिड (बटणांसारखी दिसणारी कोरलच्या नात्यातली जीवजात) हाताळताना मात्र हातमोजे आणि चष्मा हवाच. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं, म्हणून ते चिकटलेले खडक उकळू नका, गरम पाण्याने घासूही नका.

पाणी ठीक, तरी एकच बाजू झडतेय? टँकचे दिवे बंद झाल्यावर तासाभराने लाल उजेडाची विजेरी घेऊन बसा. शेजारच्या कोरलच्या लांब स्पर्शिका त्याच बाजूला पोचताना दिसतील. तेव्हा हलवायचं, पण शेजाऱ्याला. जखमी कोरलला तिथेच राहू द्या.

बरं व्हायला आठवडे लागतात, कधी महिने. रंग परतताना आधी तपकिरी झाक येते. ती दिसली की लगेच दिवे वाढवू नका; आणखी दोन आठवडे जाऊ द्या, मग प्रकाश हळूहळू चढवा.