ओस्ला ते हर की दून: बेळगावकरानं हा एक दिवस कसा चालावा

येळ्ळूरचा राजहंसगड मी न थांबता चढतो, म्हणून हिमालयही जमेल असं वाटलं होतं. पण आपलं बेळगाव साधारण २५०० फुटांवर, आणि उत्तराखंडातली हर की दून ही दरी ११,७०० फुटांवर. तिथं समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश प्राणवायू श्वासात येतो. नुसत्या पायातल्या ताकदीवर भागत नाही, सावकाश चालायची सवय लागते.

ती सवय इथंच लावून घ्या. दोन महिने दर रविवारी सात-आठ किलोची सॅक घेऊन राजहंसगड चढा, तेही सोबत्याशी गप्पा मारता येतील इतक्याच वेगानं. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करायचा. बूटही याच चढांवर पायात बसू द्या. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही ते डॉक्टरांना विचारा, सल्फाची अॅलर्जी असेल तर आधीच सांगा.

सांक्रीहून जीपनं तालुक्याला (गावाचंच नाव आहे हे, आपला खानापूर तालुका नव्हे), तिथून चालत ओस्ल्याला. मुक्काम इथंच, साडेआठ हजार फुटांच्या आसपास. हर की दून पाहून झोपायला परत खालीच यायचं. एका दिवसात तीन हजार फूट चढून वरच झोपणं अंगाशी येतं.

पहाटे पाचला निघा. उंचीवर भूक मरते, तरी दोन घास खाच. चढ लागायच्या आधी जॅकेट काढा. घामानं भिजलात तर थांबल्यावर काकडाल. खिशात भडंग ठेवा, येताजाता तोंडात टाकायला त्यासारखं दुसरं काही नाही.

गावातून जाताना मात्र घाई नको. देवदाराची आणि दगडाची घरं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात उतारभर लालभडक राजगिरा. उपासाला लाडू इतके खाल्ले, पण उभं पीक मी तिथंच पहिल्यांदा पाहिलं. फोटो विचारून काढा, देवळाच्या चौथऱ्यावरही विचारूनच चढा. पोरांना चॉकलेटं वाटत सुटू नका. नेलेला कुंदा घरातल्या आजींच्या हातात द्या. वाटेत खेचरांच्या घंटा ऐकू आल्या की डोंगराच्या अंगाला सरकायचं, दरीच्या अंगाला कधीच नाही. त्यांच्या पाठीवरच्या ओझ्याचा धक्का लागतो.

दर वीस मिनिटांनी दोन घोट पाणी प्या. हे मी केलं नाही. पहिल्या वर्षी सगळ्यांच्या पुढं धावलो, बाटली तशीच भरलेली. अकराच्या सुमारास डोकं ठणकायला लागलं, मग मळमळ. गाईडनं न बोलता माझी सॅक उचलली आणि खालची वाट धरली. हजारेक फूट उतरल्यावर डोकं हलकं झालं. त्या वर्षी स्वर्गारोहिणी शिखर पाहायचं राहिलंच. तेव्हा डोकेदुखी वाढत असेल, उलटी होत असेल किंवा सरळ रेषेत चालताना झोक जात असेल, तर 'बघू थोडं पुढं' म्हणू नका, उतरा. सोबत्याला एकट्याला खाली पाठवू नका.

तब्येत ठणठणीत असली तरी दुपारी एकला असाल तिथून मागं फिरा. उतरताना बुटाच्या नाड्या घट्ट करा, नाहीतर अंगठ्याची नखं काळी पडतात.

ओस्ल्यात चुलीवर राजमा असेल. उंचीवर पाणी लवकर उकळतं, पण तितकं तापत नाही, म्हणून तो शिजता शिजत नाही. तोवर उरलेलं भडंग काढा, आणि घरातल्यांनाही द्या.