कंट्रोल रूममध्ये ग्रिड कशी वाचावी

ग्रिड म्हणजे देशभर जोडलेलं विजेचं जाळं. पडद्यावर आधी फ्रिक्वेन्सी (विजेच्या प्रवाहाची सेकंदातली आवर्तनं) बघायची. आपल्या ग्रिडचा पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ. आकडा खाली सरकतोय म्हणजे मागणी निर्मितीपेक्षा जास्त झालीय. जनरेशन वाढवा, नाहीतर ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढणाऱ्यांना लोड (वापर) उतरवायला सांगा. ४९.४ वर अंडर-फ्रिक्वेन्सी रिले (फ्रिक्वेन्सी घसरली की चालणारी संरक्षक यंत्रं) आपणहून फीडर (ग्राहकांकडे वीज नेणाऱ्या लाइनी) तोडायला लागतात. तिथवर वेळ येऊ देऊ नका.

पण फ्रिक्वेन्सी ठीक म्हणजे ग्रिड ठीक, हा समज महागात पडतो. ३० जुलै २०१२, पहाटे २.३३. फ्रिक्वेन्सी ४९.६८, म्हणजे तेव्हाच्या पट्ट्यातच. तरी बिना-ग्वाल्हेर ४०० केव्ही लाइन सुटली (आपोआप बंद झाली) आणि पाठोपाठ अख्खी उत्तर ग्रिड बसली. लाइनवर फॉल्ट (बिघाड) नव्हताच! प्रचंड लोड आणि पडलेलं व्होल्टेज, यामुळे डिस्टन्स रिलेच्या (फॉल्ट किती दूर ते ओळखून लाइन तोडणाऱ्या यंत्राच्या) झोन-३ ला, म्हणजे लांबवर नजर ठेवणाऱ्या टप्प्याला, तो लांबचा फॉल्ट वाटला. शेजारचं सर्किट कामासाठी आधीच बंद होतं.

म्हणून आउटेज (लाइन कामासाठी बंद ठेवणं) मंजूर करण्याआधी, उरलेली लाइनही सुटली तर लोड कुठून वाहील, हे लोड फ्लोमध्ये (कुठल्या लाइनवर किती वीज वाहील याच्या गणितात) तपासा.

४०० केव्ही बसचं (सबस्टेशनमध्ये लाइनी जिथे जोडल्या जातात त्या वाहकाचं) व्होल्टेज ३८० ते ४२० मध्ये ठेवा. रात्री हलक्या, लांब लाइनी व्होल्टेज चढवतात: व्होल्टेज वाढवणारे कपॅसिटर काढा, ते उतरवणारे रिअ‍ॅक्टर आत घ्या, लाइन उघडायची ती अगदी शेवटी.