आधी कान, मग अक्षर: घरच्या घरी वाचनाची तयारी

तीन-चार वर्षांच्या मुलाला वाचायला शिकवायचे ठरले की बहुतेक घरांत आधी भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता लागतो आणि मूल 'ग गणपतीचा' असे घोकू लागते. पाठांतर वाईट नाही. पण याच मुलासमोर पुढे 'गरम' हा शब्द ठेवला, तर पहिल्या अक्षरावर बोट ठेवून ते अनेकदा 'गणपती' म्हणते, कारण ग हा एक आवाज असून तो कितीतरी शब्दांत येतो, हे त्याला कोणी ऐकवलेलेच नसते. म्हणून सुरुवात कानापासून करावी.

त्यासाठी वेगळा तास लावण्याची गरज नाही. भाजीची पिशवी रिकामी करताना 'भ'च्या भाज्या शोधायला सांगाव्यात. भेंडी आणि भोपळा सापडतो, आणि पुष्कळदा बटाटाही त्याच ढिगात येतो. तेव्हा चूक न दाखवता 'हा भटाटा का?' एवढेच विचारावे. मूल हसते आणि बटाटा आपणहून बाजूला काढते. शब्दांच्या टाळ्याही वाजवाव्यात: ब-टा-टा तीन, भें-डी दोन. शेवटचे अक्षर पकडून शब्दांच्या भेंड्या लावणे थोडे अवघड असल्यामुळे ते नंतर घ्यावे.

हे जमू लागले की अक्षरांकडे वळावे, मात्र 'अ ते ज्ञ' या क्रमाने नव्हे. ग, म, न, र ही चारच अक्षरे घेतली, तरी गरम, नरम, नगर, मगर, मन आणि फणसाचा गर एवढे शब्द होतात आणि आपल्याला वाचता येते याची मुलाला लवकर खात्री पटते. 'ग म भ न' हा जुना क्रम हाताला वळण लावण्यास सोयीचा आहे. वाचनात मात्र म-भ, घ-ध, प-ष अशा सारख्या दिसणाऱ्या जोड्या पाठोपाठ आणू नयेत. ण आणि ळ या अक्षरांनी मराठी शब्द सुरू होत नाहीत, तेव्हा ती बाण, नळ अशा शब्दांच्या शेवटी ऐकवावीत. ङ आणि ञ यांची तर घाईच नको.

अक्षरे जुळवताना 'मऽ, गऽ, रऽ' असे लांबवले, तर त्यातून मगर ऐकूच येत नाही. दोन अक्षरांमधले अंतर हळूहळू कमी करत न्यावे आणि शेवटचा र तोडका म्हणावा, कारण शब्दाच्या अखेरचा अ आपण बोलताना गाळतो.

मग काना घ्यावा: मामा, नाग, गारा, राग. त्यानंतर दुसरी वेलांटी घ्यावी आणि पहिली वेलांटी बरीच मागे ठेवावी, कारण ती अक्षराच्या आधी दिसते पण उच्चार नंतर होतो आणि डावीकडून वाचणारे मूल तिथे हमखास अडखळते. चाकातला च आणि चहातला च यांचा फरक समजावत बसू नये. मूल तो बोलण्यात आधीच अचूक करत असते.

रोज दहा मिनिटे पुरेत. पेन्सिलीचा आग्रह नको, ताटात रवा पसरून बोटाने गिरवले तरी चालते. झोपताना गोष्ट वाचून दाखवावी, ओळीखालून बोट फिरवावे आणि तेच पुस्तक विसाव्यांदा मागितले तरी नाही म्हणू नये.

रफार आणि जोडाक्षरे शाळेवर सोडावीत. मुलीचे नाव प्रज्ञा असेल, तर तेवढे तिला चित्रासारखे ओळखू द्यावे.