एलएलएमला हा विषय घेताय? आधी 'अब्रू' खोडा

जळगावला एलएलएम करताना मी प्रबंधासाठी सशस्त्र संघर्षातला लैंगिक हिंसाचार हा विषय घेतला. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या घरात तो उच्चारायचीही पंचाईत होती. आई विचारायची, "काय वाची ऱ्हायनी बेटा?" मी "लढाईना कायदा" म्हणून वेळ मारून न्यायचे.

जिनिव्हा करार, रोम स्टॅट्यूट, सुरक्षा परिषदेचा २००० सालचा ठराव १३२५ ही नावं तुम्हाला माहीत असणारच. ती सोडून देते. मी जिथे आपटले ते सांगते.

१९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या कलम २७ मध्ये स्त्रियांना 'ऑनर'वरच्या हल्ल्यापासून, विशेषतः बलात्कारापासून, संरक्षण दिलंय. १९०७ च्या हेग नियमांतही 'कुटुंबाची ऑनर' आहे. मी दोन्हीकडे 'अब्रू' लिहून मोकळी झाले. कायद्यातच आहे म्हटल्यावर शंका कशाला घ्यायची? धुळ्याच्या एका ज्येष्ठ वकील ताईंना मसुदा दाखवला. त्यांनी पेन्सिलीने प्रत्येक 'अब्रू'भोवती गोल केला. पहिल्याच प्रकरणात एकोणीस गोल. समासात एवढंच लिहिलं होतं : "इजा कोणाला झाली?"

उत्तर लिहायला बसले आणि लक्षात आलं, माझा सगळा युक्तिवाद बाईच्या घराण्यासाठी चालला होता. अब्रू धरून चाललं की फिर्यादी घराणं ठरतं आणि बाई नुसती पुरावा. मग जिचं घरच उरलं नाही, तिचं काय? बोस्नियाच्या युद्धातल्या ओमार्स्का छावणीतल्या पुरुष कैद्यांवरचे लैंगिक अत्याचार युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणापुढच्या तादिच खटल्यात पुढे आले, ते माझ्या मांडणीत बसतच नव्हते. १९७१ नंतर बांगलादेशात सरकारने पीडितांना 'वीरांगना' म्हणून गौरवलं, तरी कित्येकींना घराचं दार बंदच राहिलं. म्हणून सांगते, मसुद्यात अब्रू, इज्जत, शील, 'लुटली', 'कलंक' यातलं जे येईल ते खोडा आणि त्या जागी शरीर, संमती, जबरदस्ती यांपैकी काय बसतं ते पाहा. काहीच बसलं नाही, तर ते वाक्यच चुकलेलं आहे.

हे मला अकायेसू या रवांडातल्या माजी महापौरावरच्या खटल्याच्या निकालाने शिकवलं. १९९४ च्या वंशसंहारासाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या रवांडा न्यायाधिकरणाने २ सप्टेंबर १९९८ रोजी बलात्कार हे वंशसंहाराचं कृत्य ठरू शकतं असं म्हटलं आणि व्याख्या केली ती जबरदस्तीच्या परिस्थितीत शरीरावर झालेल्या लैंगिक आक्रमणाची. मूळ आरोपपत्रात बलात्कार नव्हताच. एका साक्षीदार बाईने आपल्या सहा वर्षांच्या मुलीवर झालेला अत्याचार कोर्टात सांगितला. नवी पिल्ले या तिथल्या एकमेव स्त्री न्यायाधीश खंडपीठावर होत्या. मग १९९७ च्या जूनमध्ये आरोपपत्र बदललं आणि त्यात बलात्कार आला. तो निकाल मुळातून वाचा. तयार नोट्समध्ये व्याख्येची एक ओळ मिळते, ती साक्ष मिळत नाही. परीक्षेला नोट्स चालतील, प्रबंधाला अजिबात नाही.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर, मीही मराठी माध्यमाची. दिवसाला चार पानं, शेजारी शब्दकोश. दोन महिन्यांनी वेग येतो, खरंच येतो. मला एका प्राध्यापकांनी "मुलींनी मालमत्तेचा कायदा घ्यावा" असं सुचवलं होतं. असे सल्ले ऐकून घ्या आणि दुसरा मार्गदर्शक शोधा. मोठ्या नावापेक्षा तुमचा मसुदा पेन्सिल घेऊन वाचणारा माणूस शोधा.

एक गोष्ट मात्र करू नका. प्रबंधाला 'जिवंत अनुभव' हवा म्हणून कुठल्याही पीडितेच्या मुलाखतीला जाऊ नका. तिने ते आधीच पोलिसांना, डॉक्टरांना, कोर्टाला सांगितलेलं असतं. न्यायाधिकरणांच्या निकालांत शपथेवर दिलेल्या साक्षी आहेत, त्या तुम्हाला जन्मभर पुरतील. त्या रात्री वाचू नका. मी वाचल्या, आणि बोस्नियातल्या फोचाच्या छावण्यांवरचा २००१ चा कुनाराच खटल्याचा निकाल संपेपर्यंत माझी झोप उडाली होती. आता सकाळी वाचते, जेवणाआधी थांबते.

सुरुवात रवांडा न्यायाधिकरणाच्या नियम ९६ पासून करा : लैंगिक अत्याचाराच्या साक्षीला दुजोऱ्याची गरज नाही, पीडितेचं पूर्वीचं लैंगिक आयुष्य पुराव्यात येणार नाही. जेमतेम पानभर आहे. तो वाचून झाला की आपला मसुदा उघडा आणि पेन्सिल घ्या.